बन्सीच्या मोटारीचा पोळा

ज्याच्या दावणीला बैल नाही त्याने पोळा करावा का, यावर आमच्या पारावर दरवर्षी वाद व्हायचा. बन्सी करायचा. देवळाली प्रवरापासून दोन-तीन कोसांवरच्या आमच्या गावात त्याने बैलजोडी विकून एक जुनी परदेशी मोटार घेतली होती. ती तो भाड्याने चालवायचा आणि तिलाच आपली जोडी मानायचा. मी शेजारचा शिंपी. मशीनवर बसल्या बसल्या सगळं दिसायचं. खांदेमळणीच्या संध्याकाळी लोक बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून म्हणत, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाया या.’ हा बाबा तेच मोटारीच्या बॉनेटला हळद लावून म्हणायचा. मी पोट धरून हसायचो.

माणूस मात्र लाखात एक. बाळंतीण अडली, कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, की जेवत्या ताटावरून उठायचा. “माझ्या गाडीनं कुनाला दगा दिला न्हाई,” हे त्याचं पालुपद. खरंच होतं ते.

सत्तर सालच्या पोळ्याला त्याच्या लेकीची, रतनची, नगरला मुलाखत होती, नर्सच्या ट्रेनिंगसाठी. आमच्या गावात मॅट्रिक झालेली ती पहिली पोर. बन्सीच्या थोरल्या भावाने, आसारामने, घरात बजावून ठेवलं होतं: एकदा जाऊ दे तिला, पण निवड झाली नाही तर मी आणीन त्या स्थळाला उजवायची. बन्सी हो म्हणाला होता. पोरीची निवड होणार, याची त्याला शंकाच नव्हती.

अशा दिवसासाठी त्याने मोटार सजवली ती काय सांगावी! बैलांची शिंगं रंगवायचा लाल ऑइलपेंट आणला. आदल्या दिवशी बॅटरी उतरवून तिच्याखालचा पत्रासुद्धा रंगवला, मग बॅटरी पुन्हा बसवली. पुढे झुली, आरशाला गोंडे. मी म्हटलं, “आरं, आतलं कोन बघतंय?”

“पोर बसनार हाय आज तीत,” तो म्हणाला.

सकाळी रतन नवं इस्त्रीचं पातळ नेसून पुढे बसली. बन्सीच्या बायकोने, मालनबाईने, तिच्या तळहातावर दही ठेवलं. बन्सीने चावी फिरवली. खट्. पुन्हा फिरवली. खट्. बस्स, एवढंच.

तेवढ्यात सकाळची एसटी आली. गावातून नगरला जाणारी सकाळची ती एकच. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने गाडी हळू केली आणि विचारलं, “येती का पोरगी?” बन्सीने खिडकीतून हात हलवला. “व्हा म्होरं, राहुरीच्या आत गाठतो तुमाला!” घरची मोटार दारात असताना पोरीने एसटीने का जावं? एसटी गेली.

मग सारा गाव डॉक्टर झाला. चावी फिरवली की दिवे मिणमिणायचे, तेव्हा कुणी म्हणालं बॅटरी उतरली. बन्सी म्हणे, कालपर्यंत तर ठणठणीत होती. त्याने बॅटरीची टोकं खरवडली, त्यांच्यावर कढत पाणी ओतलं, आवळली. खट्. कुणी म्हणालं स्टार्टर अडकलाय. त्याच्यावर लाकडी मोगरीने ठोकून झालं. खट्. हँडल मारावं तर ते मागच्या मालकानेच कधी हरवलेलं.

“कसला वास येतुया? रंग करपल्यावानी,” मालनबाई म्हणाली.

“तू गप बस गं!” बन्सी खेकसला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला बायकोवर ओरडताना ऐकलं.

आम्ही ढकललं. रात्री पाऊस झालेला, गल्लीतली काळी माती लोण्यासारखी झालेली. चाकं रुतली आणि बसली. आता एकच उपाय होता, बैल. समोरच्या घरी आबासाहेबांची जोडी धुऊन-पुसून, बाशिंगं बांधून उभी. बन्सी चिखलाच्या हातांनीच त्यांच्यापुढे गेला.

“आबासाहेब, सडकेपातूर वढून द्या. पाया पडतो.”

आबासाहेब काही वाईट नव्हते. त्यांचाही चेहरा उतरला. “बन्सी, दुसरं काय बी माग. आज खांद्यावर जू न्हाई ठिवायचं. काल तूबी आवतण दिलंस की तुझ्या गाडीला.”

बन्सीच्या दावणीला बैल असते तर त्यानेही हेच सांगितलं असतं. तो तसाच परत आला आणि पुन्हा चावी फिरवली. खट्. रतन गाडीत बसूनच होती, हातातल्या दह्याचं पाणी झालं होतं.

शेवटी मी तिला सायकलवर डबलसीट घेऊन सडकेला गेलो. ट्रक मिळायला वेळ लागला. आम्ही नगरला पोचलो तेव्हा नावं पुकारून झाली होती आणि शिपाई खुर्च्या उचलत होता. आतून निरोप आला, पुढच्या वर्षी बघा. रतन रडली नाही. मलाच रडू आलं.

परत आलो तर वेशीत बैल मिरवत होते, वाजंत्री चालली होती. बन्सी बॉनेटमध्ये वाकून होता. बॅटरीचा जाड पट्टा गाडीच्या अंगाला जिथे बोल्टने कसतात, तिथे हात लावून बघत होता. तिथला लाल रंग फुगून करपला होता. त्या रंगावरच त्याने आदल्या दिवशी पट्टा आवळला होता, म्हणून वीज पुढे जातच नव्हती. बॅटरीकडचं टोक सकाळपासून दहा वेळा खरवडलं, हे टोक कुणी पाहिलंच नाही. त्याने चाकूने रंग खरवडला, बोल्ट कसला, चावी फिरवली. गाडी धडधडून चालू झाली. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि गाडी बंद केली.

पुढच्या वर्षाची वाट आसाराम कशाला बघतोय! मार्गशीर्षात रतनचं लग्न झालं, पार तिकडे पाथर्डीला. पाठवणीला बन्सीचीच मोटार. नवरानवरी मागे बसली. बन्सीने देवाचं नाव घेऊन चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला लागली. बायका रडत होत्या, त्या गलक्यात रतन पुढे बापाच्या कानाशी झुकली. मी खिडकीशीच होतो, म्हणून ऐकू आलं.

“दादा,” ती म्हणाली, “आज तरी नुसतं खट् करायचं हुतं तिनं.”