बाबांचा पत्ता

इथे भोपाळमधल्याच साकेत नगरहून येणारा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस आमच्याशी मराठीत बोलतो आणि कॉम्प्युटरशी हिंदीत. बाबांनी घरीच उभारलेला मेल सर्व्हर बिघडला की, ते गेल्यापासून, मी त्यालाच बोलावते. परवा माझी मेल बाबांच्या नावानं गेली आणि नागपूरची आत्या रडायला लागली. चहा निवत ठेवून तो मशीनला म्हणाला, "बोलो भैया, तकलीफ क्या है?" मग त्यानं पाठवणाऱ्याच्या जागी माझा पत्ता घातला.

"बाबांचा काढूनच टाका," मी म्हटलं.

"राहू द्या, ताई. त्यावर आलेली मेल तुम्हाला मिळेल. कुणी लिहिलं तर?"

आज बाबांच्या पत्त्यावर त्यांच्या जुन्या मित्राची मेल आली. 'भोपाळला आलोय. घरी आहेस ना?'

मी माझ्या नावानं उत्तर लिहिलं, 'काका, मी आहे घरी. या.'