शेवटचा नळ

बिरवाडीतल्या आमच्या चाळीत टायफॉईडनं माझी धाकटी आणि शेजारची पोरं आडवी झाली, तेव्हा मालकानं महाडहून एका माणसाला बोलावलं. आखातात इमारतींच्या टाक्या सांभाळून परतलेला, पिकल्या दाढीचा. नाव विचारायचं राहूनच गेलं.

टाकी घासून त्यानं औषध टाकलं. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब सोडले, डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि नळी तिच्यावर धरली. फिकट पिवळा रंग आला. म्हणजे औषध लागलं.

"झालं ना?" मी विचारलं.

"टाकीला तोंड लावून कोण पितो? शेवटचा नळ दाखवा."

शेवटची खोली बंद होती, माणसं गणपतीला गावी गेलेली. मालकाकडून किल्ली मागवली. नळातून तांबूस, वास मारणारं पाणी आलं. तो शेजारी उकिडवा बसला.

"हितं पाणी निजून राहिलाय. त्याला उठवूया."

पाणी वाहत राहिलं. पुन्हा नळी, पुन्हा टोपी, रंग येईना. मी कंटाळलो, तो हलला नाही. अखेर टोपीवर पिवळी झाक उतरली. टोपी डोक्यावर ठेवून तो आधी स्वतः ओंजळभर प्यायला, मग नळापासून बाजूला सरला.

देवळात तीर्थाला होतो तसा माझा उजवा हात आपोआप पुढं झाला.