न वाजवलेली ओळ

एझ्रा व्हिटलोचे वडील सॅव्हाना शहरातल्या चर्चमध्ये प्रवचन देत. पोराने तिथल्या ऑर्गनवर बाजारातली गाणी वाजवली म्हणून त्यांनी त्याला पट्ट्याने फोडून काढलं, तेव्हा तो घरातून पळाला. तंबूतले खेळ, दारूचे गुत्ते, हार्लेममधल्या मेजवान्या, सगळीकडे पियानो बडवण्यात वीस वर्षं गेली. त्याच्या चाली दुसऱ्यांच्या नावावर छापल्या गेल्या आणि हा गप्प बसला. एवढा गुणी माणूस आणि इतका भिडस्त! आता लागणाऱ्या नव्या संगीत नाटकाच्या पाटीवर मात्र पहिल्यांदाच त्याचं नाव होतं, शेजारी गाणी लिहिणाऱ्या सायलस बूनचं.

नाटकवाल्यांचा नेम असा, की पहिल्या प्रयोगाआधी शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ तालमीत घ्यायची नाही. घेतली तर खेळ पडतो. एझ्राने तर तिची चाल कागदावरही उतरवली नव्हती. ती दोघांच्याच डोक्यात होती. एप्रिलमध्ये सायलस न्यूमोनियाने गेला. त्याला पुरून परतताना एझ्राच्या लक्षात आलं, की आपल्याला ती चाल आठवत नाही. महिनाभर डोकं फोडूनही ती आठवली नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी शेवटची तालीम झाली. नेमाप्रमाणे वाद्यं त्या ओळीआधी थांबली. विंगेत हेटी मावशी टाके घालत गुणगुणत होती. कपडेपटावर ती नुकतीच लागली होती. एझ्रा पियानोवरून उठून तिच्यापाशी गेला. तीच चाल.

"मावशी, ही कुठे ऐकलीस?"

"कुठे म्हणजे? तुमचा तो बाल्कनीतला माणूस! तुम्ही थांबलात की पुढचं रोज एकटाच म्हणून संपवतो बिचारा. पण तपकिरी हॅट काढायची रीत नाही मेल्याला."

तालमीच्या वेळी बाल्कनीला कुलूप असे आणि किल्ली एझ्राच्या खिशात. तपकिरी हॅट तर त्याने स्वतःच्या हाताने सायलसच्या शवपेटीत ठेवली होती.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला आणि त्याने चाल कागदावर उतरवून घेतली.

संध्याकाळी थिएटर खच्चून भरलं. ती ओळ आली, एझ्राने पियानोवर सुरू केली, आणि वरून एक ओळखीचा घोगरा आवाज साथीला आला. त्याला पियानोवरून हात काढून घ्यावेसे वाटले. ओळ पुरी झाली की सायलसचं इथे काही उरणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. पण पाटीवर दोघांचं नाव होतं. रडत रडत त्याने शेवटचा सूर वाजवला. टाळ्या थांबेनात.

पुढे नाटक दोन वर्षं चाललं. त्या ओळीआधी एझ्रा रोज थोडा थांबायचा. लोकांना ती त्याची लकब वाटे. तो वर कान लावून असायचा, आणि मग एकट्यानेच वाजवायचा.