धाकट्यानं आधी उचलायचं

माझे मोठे दीर गोपीनाथ म्हणजे तोंडाला कुलूप घातलेला माणूस. माझी जाऊ हौसाबाई म्हणायची, "यांच्यापेक्षा भिंत बरी, निदान पाल तरी चुकचुकते." आणि मी पडले बडबडी. असल्या मुक्या माणसांचा मला कधी भरवसाच वाटला नाही.

एक्क्याण्णव साली समुद्रकाठच्या आमच्या पाली गावात आमच्या चुली वेगळ्या झाल्या. सासऱ्यांच्या इंजिनाच्या दोन होड्या तेवढ्या वाटायच्या राहिल्या. दोन्ही एकाच सुताराच्या हातच्या, एकाच मापाच्या. एक भावजी चालवायचे, दुसरी माझा नवरा महिपत. आमची रीत अशी, की धाकट्यानं आधी उचलायचं, आणि तोवर थोरल्यानं चकार शब्द काढायचा नाही.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या होत्या. भावजी आपली सोडून महिनाभर आमच्याच होडीत घुसलेले. इंजिन खोलून काशीमीऱ्याला मिस्त्रीकडं नेलं, परत आणून बसवलं. विचारलं तर "काम हाय", एवढंच. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. हा बाबा चांगले पार्ट काढून स्वतःला ठेवतोय आणि भंगार आमच्या गळ्यात मारतोय. महिपत गरीब गाय. त्याच्या कानाशी लागले, "स्वतःची होडी कोण वाईट ठेवेल? तीच माग."

वाटणीच्या दिवशी त्यानं भावजींचीच होडी मागितली. भावजी त्याच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "ने. पण इंजिन चार दिवस माझ्याकडं ठेव." मी ताडकन म्हटलं, "आता हात लावायचा नाही."

नारळी पौर्णिमेनंतर आठवड्यातच, भर दुपारी, होडी समुद्रात बंद पडली. भावजींनीच ती दोर बांधून ओढत आणली. महिपत सुखरूप होता, पण चेहरा पांढराफटक. इंजिन बघायला काशीमीऱ्याचा धाकू मिस्त्री आला. म्हणाला, "शालूबाय, याला कोणी हातच लावलेला न्हाय. नवे पार्ट सगळे दुसऱ्यात टाकलेत. गोपीनाथ म्हणाला, धाकटा आपलीच उचलेल, त्याचं आधी कर, माझं नंतर बघू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच उठून भावजींकडे गेले. ते ओट्यावर जाळं विणत बसले होते. माफी मागायला तोंड उघडणार, तोच ते बोलायला लागले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"शालू, माझंच चुकलं. इंजिन जबरदस्तीनं ठेवून घ्यायला पायजे होतं. पण महिपतनं आपली सोडून माझी होडी मागितली ना, तवा लय बरं वाटलं. म्हटलं, वेगळा झाला तरी भावाला माझंच काहीतरी हवंय."

मी नुसती मान हलवली. खरं काय ते सांगायची माझी छाती झाली नाही. आजही झालेली नाही.