भरधाव नव्हे, दुसऱ्या गिअरात

काळा धूर सोडत जाणारी जुनी जीप दिसली की दोन हजार सालच्या आसपासची ती केस मला अजून आठवते. मी तेव्हा कळमनुरी तालुक्यात ठाणेदार होतो. डोंगरकड्याच्या एका दुकानातून भरदुपारी पाण्याच्या दोन मोटारी चोरीला गेल्या. चोरीची खबर पसरली आणि थोड्याच वेळात वारंगा फाट्यावरच्या चहावाल्याचा फोन आला की एक बिनप्रवाशांची जीप धूर ओकत, बोंबलत गेली. आमच्या हवालदारांनी सवयीप्रमाणे ‘भरधाव वेगात’ असं लिहून घेतलं. नाकाबंदी करून आम्ही जीप परत येताना फाट्यावरच अडवली आणि चालकाला ठाण्यात आणलं.

चाळिशीचा माणूस, प्रवासी नेणारा. जीपच्या मागच्या सीटा काढलेल्या, म्हणजे संशय वाढणारच. माल कुठं टाकला म्हणून आम्ही उलटसुलट विचारलं, पण गडी एकाच उत्तरावर ठाम.

“साहेब, उद्या गाडी पासिंगला न्यायची हाय. धूर काढून राहिलो होतो.”

मागच्या खेपेला धुरापायी गाडी नापास झाली होती म्हणे. मिस्त्रीनं एअर फिल्टर बदलला, नोझल साफ केले आणि सांगितलं, दुसऱ्या गिअरात ॲक्सिलेटर दाबून चालव, आतली काजळी निघून जाईल. सीटा शिवायला टाकल्या होत्या. उद्या तो हजर झाला नाही तर गाडी बंद, म्हणजे घरची चूलही बंद. धूर कमी करायला धूर काढायचा! मला वाटलं, हा आपल्याला येडं बनवतोय. पण थाप मारणारा इतकी विचित्र थाप कशाला निवडेल? मला काही चैन पडेना.

मी त्या रस्त्यावर गेलो. जवळच्या तांड्यावरची एक आजी शेळ्या चारत होती. जीप किती जोरात गेली, असं तिला विचारलं.

“आवाज लई व्हता बाबा, पर गाडी कुठं पळत व्हती? माजी शेळी तिच्या म्होरून रमतगमत गेली.”

मी चाटच पडलो. चोरी करून पळणारा शेळीसाठी थांबतो होय? परत येऊन मी त्याला जीप तशीच चालवायला लावली आणि शेजारी बसलो. इंजिन किंचाळत होतं, मागं सगळं काळंकुट्ट, आणि आमचे हवालदार मोटारसायकलवरून आरामात पुढं निघून गेले. काही वेळानं धूर खरोखरच विरळ झाला. मला भारी मौज वाटली.

संध्याकाळी त्याला सोडलं. मोटारी पुढं भलत्याच लोकांकडं सापडल्या. गाडी पास झाल्याचं सांगायला तो दोन दिवसांनी ठाण्यात आला, पण चेहरा उतरलेला.

“धूर गेला साहेब. पर फाट्यावर लोक मला चोर म्हणून राहिले. कोनी बसंना गाडीत.”

मला फार वाईट वाटलं. धरलं होतं सगळ्यांसमोर आणि सोडलं चार भिंतींच्या आत. मी टोपी घातली, त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसलो. फाट्यावर त्याच चहावाल्याकडं आम्ही दोघांनी चहा घेतला आणि मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं की या माणसाचा चोरीशी काडीचा संबंध नाही.

निर्दोष माणसाला सोडलं की आपलं काम संपलं, असं मी तोवर समजत होतो. जिथं धरलं, तिथं नेऊन सोडायचं असतं, हे त्या दिवशी कळलं. चहाचा ग्लास ठेवून वळलो, तर दोन बाया पिशव्या मांडीवर घेऊन त्याच्या जीपमध्ये बसलेल्या होत्या.