चंडोलाची शिट्टी

माळावर दिवसभर हिंडलं की मोज्यांत कुसळं अडकतात. चालताना कळत नाही, घरी येऊन खुर्चीत टेकलं की टोचायला लागतात. त्या माळावरचे किस्सेही तसेच साठलेत. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसानं ते सांगावेत का, याची मला खात्री नाही. पण टोचतात, म्हणून सांगतो.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात जवानांची एक फायरिंग रेंज आहे. नेमकी कुठं ते विचारू नका, परवानगीच्या कागदावर तशी अट होती. गोळीबाराच्या सरावानं तिथल्या गवतावर, पक्ष्यांवर काय परिणाम होतो ते बघायला मी आणि माझी जुनी विद्यार्थिनी शैला जायचो. शैला अक्कलकोटची. पक्षी तिच्याकडं, गवत माझ्याकडं. रेंजवर एक हवालदारसाहेब, आणि हद्दीबाहेर मेंढ्या घेऊन बसलेले बिरूमामा. एवढीच आमची मंडळी.

नियम सोपा होता. लाल झेंडा वर, म्हणजे आत जायचं नाही. फायरिंग संपलं की झेंडा खाली येणार, हवालदार लांब शिट्टी मारणार. मग मेंढ्या आत.

*

पहिल्याच दिवशी माझी पंचाईत झाली. बाहेरचा माळ खरवडल्यासारखा बोडका, आणि आत पवन्या गवत गुडघाभर! गोळ्यांनी गवत वाढतं असं लिहायचं की काय?

मी बिरूमामांना विचारलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "गुरुजी, भ्या लई चांगलं कुंपण हाय."

हे वाक्य मी अहवालात घातलं. मग खोडलं. मग पुन्हा घातलं.

*

ट्रकच्या टायरांबरोबर गाजरगवताचं बी आलं होतं. चाकोऱ्यांमधून त्याच्या दोन सरळ रांगा उगवल्या. हवालदारसाहेब कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "सर, हे तर परेडला फॉलिन झालंय."

आम्ही खूप हसलो. महिन्यानं गेलो, तर ट्रक जिथं वळतात तिथं रांगा वळल्याच नव्हत्या. सरळ चालत आमच्या चहाच्या शेडपर्यंत आल्या होत्या. त्या दिवशी चहा आम्ही उभ्यानंच घेतला.

*

शैलाची एक टिटवी होती. धडाधड गोळ्या सुटताना ती अंड्यांवर ढिम्म बसून राहायची. रविवारी फायरिंग बंद. त्या दिवशी मात्र ती सकाळपासून रिकाम्या माळावर किंचाळत फिरायची.

एकदा ती उठलेली बघून आम्ही घरट्यात डोकावलो. खड्यांच्या वर्तुळात तीन अंडी, आणि त्यांना लागून चौथी एक पितळी पुंगळी, झाडलेल्या गोळीची. पुंगळ्या वेचून परत जमा कराव्या लागतात, म्हणून हवालदारसाहेबांनी हात घातला आणि लगेच मागं घेतला.

"सर, गरम आहे."

"परवाच्या फायरिंगची ना ती?" शैलानं विचारलं.

त्यांनी पुंगळी होती तशी ठेवली. ती उबवलेली होती, एवढं मला शास्त्र कळतं. तरी मी हात लावला नाही.

*

एका सकाळी शेडमध्ये चहा चालला होता आणि शिट्टी झाली. लांब, खणखणीत. मी हवालदारसाहेबांकडं बघितलं. त्यांच्या एका हातात कप, दुसऱ्या हातात बिस्किट, आणि शिट्टी छातीवर दोरीला लोंबकळत होती.

माझेच कान वाजले असतील, म्हटलं. कानाला मशीन लावून घ्या म्हणून मुलगी वर्षभर मागं लागली आहे. पण शैलानंही मान वर केली होती. तिनं दगडावरचा तुरेवाला पक्षी दाखवला. "चंडोल, सर. नकला करतो."

पक्ष्यानं पुन्हा शिट्टी मारली. हवालदारसाहेबांचा बिस्किट धरलेला हात सरळ सॅल्यूटच्या वाटेवर निघाला होता!

मग त्यांनी बिरूमामांना बजावलं, की शिट्टीवर जायचं नाही, झेंडा बघायचा. मामा "व्हय, व्हय" म्हणाले. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, झेंडाच काय, त्यांना खांबसुद्धा दिसत नाही, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

*

आणि हा शेवटचा.

मी मामांजवळ हिवराच्या झाडाखाली बसलो होतो. फायरिंग थांबून बराच वेळ झाला होता. वारा अजिबात नव्हता. तेवढ्यात शिट्टी झाली. मेंढ्या उठल्या. मामाही काठी टेकत उठले.

"गुरुजी, झेंडा उतरला न्हवं? मला दिसत न्हाय."

मी खांबाकडं बघितलं. झेंडा नव्हता. आयुष्यात फार कमी वेळा मी ठाम बोललो असेन. त्या दिवशी म्हणालो, "हो मामा, उतरला. जा."

मामा दोन पावलं चालले. शिट्टी पुन्हा झाली. मामा थबकले, काठी आडवी धरून त्यांनी कळप अडवला आणि परत माझ्याजवळ येऊन बसले.

बसले न बसले तोच फायरिंग सुरू झालं. मग जरा वारा सुटला आणि वरच्या वर खांबाला गुंडाळून बसलेला झेंडा उलगडला. लाल.

मामांनी तंबाखूची चिमूट पुढं केली. मी कधी खात नाही, तरी घेतली.

पुढं हवालदारसाहेबांनी खोदून विचारलं, की मामा, पक्षी असल्याचं तुम्ही ओळखलंत कसं?

"पक्षी बिक्षी मला काय दिसतंय? शिट्टी मधीच तुटली की. तुमची तुटत न्हाय. तुमच्या आदीच्या हवालदारसायबास्नी दमा हुता, त्यांची तुटायची."

हवालदारसाहेब म्हणाले, "मामा, ते वारले. चार वर्षं झाली."

"व्हय की," मामा म्हणाले. "म्हणून तर आत जात न्हाय. नुसता रामराम घालतो."