फॉर्मवरचं कॅलेंडर

दसऱ्याला लॅपटॉपची पूजा केली. कीबोर्डात अडकलेली झेंडूची पाकळी काढताना बोटांना वास लागला, आणि मी मनानं थेट महाल भागातल्या रक्तदाता मंडळाच्या जुन्या खोलीत पोचलो.

तिथल्या संगणकावरचा डेटाबेस प्रोग्रॅम मी असाच दसऱ्याचा मुहूर्त साधून अपग्रेड केला होता. दुसऱ्याच दिवशी कामठीच्या एका बाळंतिणीसाठी रक्त हवं म्हणून फोन आला, आणि दात्यांच्या यादीचा फॉर्म काही उघडेना. कुठल्याशा भागाचं लायसन्स नाही, असं काहीतरी स्क्रीनवर येत होतं. मी दोनदा पुन्हा इन्स्टॉल केलं. तरी तेच.

यादी सांभाळणाऱ्या शीलाताई शेजारीच उभ्या होत्या. "लायसन्स कायचं नाही म्हणते गा?"

मी स्क्रीनवरचं नाव पहिल्यांदाच नीट वाचलं. "तारीख निवडायच्या कॅलेंडरचं." ते मीच हौसेनं फॉर्मवर बसवलं होतं.

"मंग काढून टाक ना त्याले! तारीख मी हातानं लिहीन."

काढलं. फॉर्म उघडला, सगळी नावं जागच्या जागी होती.

तेव्हा माझ्या हौसेची फार लाज वाटली होती. आता मात्र त्या दुपारचा एकच आवाज कानात राहिलाय, शीलाताईंनी लावलेल्या पहिल्याच फोनवरच्या दात्याचा: "निघालोच जी."